सुरतेची मिठाई

उन्हाळा सरत आला, की महाविद्यालयांच्या परीक्षांचे निकाल लागू लागतात. ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी पदवी मिळवते, त्या घराला त्या दिवशी निराळेच तेज चढते. पेढ्यांचा पुडा येतो. पहिला पेढा देवापुढे ठेवला जातो, दुसरा आजीच्या हातावर पडतो आणि मग साऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची तोंडे गोड होतात. आई पदराने डोळे पुसते. वडील एरवी मितभाषी असले, तरी त्या दिवशी येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून निकाल सांगतात. पुढे पदवीदानाचा समारंभ होतो. काळा झगा घातलेल्या आपल्या मुलाला व्यासपीठावर जाताना पाहून दूरच्या रांगेत बसलेले आईबाप टाळ्या वाजवितात. आणि त्या टाळ्या थांबतात न थांबतात, तोच त्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय?

हा प्रश्न मोठा योग्य आहे. ‘पदवी’ या शब्दाचा संस्कृतातील एक जुना अर्थ वाट किंवा मार्ग असा आहे. पदवी म्हणजे प्रवासाचा शेवट नव्हे. ती पुढची वाट आहे. मात्र त्या वाटेच्या आरंभापर्यंत मुलाला कोणी आणून सोडले, हे त्या मुलाने विसरू नये. या पाठात आपण अशाच एका पित्याची आणि पुत्राची हकिकत पाहणार आहोत. त्या पित्याचे नाव रामजी मालोजी सकपाळ. पुत्राचे नाव भीमराव. भारताच्या राज्यघटनेचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून आज सारे जग ओळखते, तेच हे भीमराव.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. ते लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत त्यांनी अनेक वर्षे शिक्षकाचे काम केले होते. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील छावणीत भीमरावांचा जन्म झाला. पुढे रामजी सेवानिवृत्त होऊन दापोलीला आणि तेथून साताऱ्याला राहावयास आले. साताऱ्यास भीमरावांच्या मातोश्री भीमाबाई निवर्तल्या. त्या वेळी भीमराव अगदी लहान होते. तेव्हापासून आईची माया आणि बापाची शिस्त या दोन्ही गोष्टी रामजींनाच सांभाळाव्या लागल्या. आत्या मीराबाई यांनी त्या पोरक्या मुलांचा सांभाळ केला.

त्या काळी या कुटुंबाच्या समाजाला अस्पृश्य मानीत. शाळेत भीमरावांना इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली, तर पाण्याच्या भांड्याला स्वतः हात लावण्याची मुभा नव्हती. दुसऱ्या कोणी वरून पाणी ओतले, तरच तहान भागे. पुढे हायस्कुलात त्यांना संस्कृत शिकण्याची इच्छा होती. पण तीही नाकारण्यात आली आणि त्यांना फारसी ही भाषा घ्यावी लागली. जेथे विद्येच्या दारातच अशी अडवणूक होती, तेथे मुलाला शिकविण्याचा निश्चय करणे ही सोपी गोष्ट नव्हती. रामजींनी तो निश्चय केला आणि शेवटपर्यंत पाळला.

मुलांच्या शिक्षणासाठी रामजी मुंबईला आले. परळमधील डबक चाळीत त्यांनी एक खोली घेतली. तीच खोली स्वयंपाकाची, तीच निजण्याची आणि तीच अभ्यासाची. घरात माणसे पुष्कळ आणि जागा थोडी, अशी स्थिती होती. दिवसा आणि संध्याकाळी तेथे शांतपणे वाचणे अशक्यच होते. यावर रामजींनी एक युक्ती काढली. भीमराव रात्री लवकर निजत. रामजी मात्र जागे राहत. रात्रीचे दोन वाजले, की ते मुलाला हलकेच उठवीत आणि त्याच्या मोकळ्या झालेल्या जागेवर आपण अंग टाकीत. उशाशी जाते, पायथ्याशी बांधलेली बकरी आणि समोर काच नसलेला घासलेटचा मिणमिणता दिवा, अशा थाटात भीमरावांचा अभ्यास चाले. चाळ झोपलेली असे. त्या खोलीतील दिवा तेवढा जागा असे.

मुलांनो, रात्री दोन वाजता उठून अभ्यास करणाऱ्या मुलाचे आपण कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याला उठविता यावे म्हणून दोन वाजेपर्यंत जागणाऱ्या माणसाचाही आपण क्षणभर विचार केला पाहिजे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर त्याचे नाव नसते. निकालाच्या यादीतही ते येत नाही.

भीमरावांना पुस्तकांचे विलक्षण वेड होते. शाळेची पुस्तके वाचून त्यांचे समाधान होत नसे. ते नवनवी पुस्तके मागत आणि रामजी ती आणून देत. निवृत्तिवेतन थोडे, संसार मोठा. पुस्तकासाठी पैसे नसले, म्हणजे रामजी आपल्या लग्न झालेल्या मुलींच्या घरी जात. एकीजवळ पैसे नसले, तर ते दुसरीकडे जात. तिच्याजवळही रोकड नसली, तर ती आपला एखादा दागिना काढून बापाच्या हाती देई. तो दागिना सावकाराकडे गहाण पडे, पुस्तक घरी येई, आणि निवृत्तिवेतन हाती आले, की रामजी तो दागिना सोडवून मुलीला परत नेऊन देत. दोन्ही मुलांना शिकविणे परवडेना, तेव्हा थोरल्या आनंदरावांनी शाळा सोडून नोकरी धरली. अशा रीतीने बहिणींचे दागिने, भावाची कमाई आणि बापाची झोप यांच्या आधारावर एका मुलाचे शिक्षण पुढे चालले होते.

इतके करूनही रामजींना मुलाच्या यशाचा गाजावाजा आवडत नसे. भीमराव शाळेत असताना एक परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांच्या समाजातील मंडळींना मोठा आनंद झाला. आपला एक मुलगा इंग्रजी शिकतो आहे, ही त्यांना अपूर्वाईची गोष्ट वाटली. सभा भरवून त्याचे अभिनंदन करावे, असे त्यांनी ठरविले आणि ते रामजींची परवानगी मागावयास आले. रामजींनी साफ नकार दिला. मुलाने केवळ एक परीक्षा दिली आहे, याहून अधिक काही केलेले नाही. सत्कार केल्याने त्याचे डोके मात्र फिरेल, असे त्यांचे म्हणणे होते. मंडळी हिरमुसली, पण त्यांनी हार मानली नाही. ती रामजींचे स्नेही कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्याकडे गेली. केळुसकर हे विद्वान शिक्षक आणि लेखक होते. त्यांनी रामजींशी थोडा वाद घातला, तेव्हा कोठे रामजींचा होकार मिळाला आणि सभा भरली. सभेच्या शेवटी केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भीमरावांना भेट दिले. हा प्रसंग खुद्द बाबासाहेबांनी १९५६ साली लिहिलेल्या एका प्रस्तावनेत सांगितला आहे. त्या भेटीचा ठसा त्यांच्या मनावर जन्मभर राहिला.

रामजींचा नकार हा काही प्रेमाचा अभाव नव्हता. शिडीची एक पायरी चढलेल्या मुलाला तेथेच टाळ्या वाजवून बसवू नये, असे त्यांना वाटत होते. त्यांची नजर वरच्या पायऱ्यांवर होती.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले आणि पुढे त्यांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्रवेश घेतला. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. त्याचे पहिले पदवीधर १८६२ साली बाहेर पडले होते. त्याला आता पन्नास वर्षे होत आली होती. तरी अस्पृश्य मानलेल्या समाजातून महाविद्यालयाच्या वर्गापर्यंत पोचलेला विद्यार्थी विरळाच होता. इंटरची परीक्षा झाली आणि रामजींची शक्ती संपत आली. अशा वेळी केळुसकर पुन्हा धावून आले. त्यांनी भीमरावांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे नेले. महाराजांनी या तरुणाला काही प्रश्न विचारले. त्याच्या उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि त्यांनी त्याला दरमहा २५ रुपयांचे विद्यावेतन मंजूर केले. या मदतीवर भीमरावांनी अभ्यास पुरा केला आणि १९१२ साली ते बी. ए. ची परीक्षा उत्तीर्ण झाले.

दापोलीहून साताऱ्यास आणि साताऱ्याहून मुंबईस ज्या एका हेतूने रामजींनी बिऱ्हाड हलविले होते, तो हेतू आता सफल झाला. मुलगा पदवीधर झाला. परंतु त्याबरोबरच ‘आता पुढे काय ?’ हा प्रश्नही त्या लहानशा घरात येऊन उभा राहिला. भीमरावांनी बडोदे संस्थानात नोकरी करण्याचे ठरविले. महाराजांनी मदत केली होती; तेव्हा त्यांच्या सेवेत जाणे हे त्यांना कर्तव्य वाटले. रामजींना हा बेत रुचला नव्हता. मुलाने मुंबईतच राहावे, अशी त्यांची इच्छा होती. मुलगा मात्र आपल्या निश्चयापासून ढळला नाही. १९१३ सालच्या जानेवारीत ते बडोद्यास गेले.

बडोद्यास जाऊन पंधरा दिवस होतात न होतात, तोच मुंबईहून तार आली. वडील अत्यवस्थ होते. भीमराव तातडीने निघाले. बडोद्याहून मुंबईस येताना वाटेत सुरत लागते. सुरतेची मिठाई प्रसिद्ध आहे. गाडी स्थानकात थांबली, तेव्हा वडिलांसाठी थोडी मिठाई घ्यावी, असे त्यांच्या मनात आले. ज्या बापाने मुलासाठी मुलींचे दागिने गहाण ठेवले, त्या बापासाठी मुलगा आता चार पैशांची मिठाई घेणार होता. ते खाली उतरले आणि मिठाई घेऊ लागले. तेवढ्यात गाडी सुटली.

त्यांना पुढच्या गाडीची वाट पाहावी लागली. ते मुंबईस पोचले, तो दुसरा दिवस उजाडला होता. घरात माणसे जमली होती. रामजींचे डोळे कोणाला तरी शोधीत होते. भीमराव जवळ गेले. रामजींनी आपला थरथरता हात मुलाच्या पाठीवरून फिरविला, आणि थोड्याच वेळात त्यांनी प्राण सोडला. तो दिवस होता २ फेब्रुवारी १९१३. सुरतेहून आणलेली मिठाई तशीच राहिली.

या दुःखाने भीमराव खचून गेले असते, तर त्यात नवल नव्हते. परंतु बापाने दाखविलेली वाट त्यांच्यासमोर होती. त्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस पाठविण्याचे ठरविले. भीमरावांची निवड झाली. जून महिन्यात त्यांनी संस्थानाच्या करारावर सही केली आणि जुलै महिन्यात ते न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. रात्री दोनचा दिवा आता सातासमुद्रांपलीकडे जळू लागला.

न्यूयॉर्कहून त्यांनी आपल्या वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिले. आईबाप मुलाला जन्म देतात, कर्म देत नाहीत, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. प्रत्येकाचे नशीब ज्याचे त्याच्याबरोबर, असा तिचा अर्थ. ही समजूत आपण आता टाकून दिली पाहिजे, असे त्या पत्रात बावीस वर्षांच्या या तरुणाने लिहिले. आईबाप मुलांच्या भवितव्याला आकार देऊ शकतात. आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकविले, तर आपली प्रगती फार वेगाने होईल, असे त्याचे मत होते. हे मत काही केवळ पुस्तकांतून आलेले नव्हते. डबक चाळीतील त्या खोलीत ते त्याने प्रत्यक्ष पाहिले होते.

पुढचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. १९१५ साली भीमराव कोलंबिया विद्यापीठाचे एम. ए. झाले. त्यानंतर त्यांनी लंडनमध्ये अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा अभ्यास केला. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. मोठमोठे अर्थशास्त्रज्ञ ज्याचा विचार करतात, असा तो गहन विषय. परंतु त्या ग्रंथाचे आरंभीचे पान उलटले, की अर्थशास्त्राच्या आधी दोन माणसांची आठवण भेटते. तो ग्रंथ त्यांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. त्यांनी सोसलेला त्याग आणि मुलाच्या शिक्षणाविषयी त्यांनी दाखविलेली दृष्टी यांबद्दलची कृतज्ञता त्या अर्पणपत्रिकेत त्यांनी व्यक्त केली आहे. सुरतेची मिठाई वेळेवर पोचली नव्हती. दहा वर्षांनी पुत्राने पित्यापुढे ठेवलेली भेट ही अशी होती.

एवढ्यावरही ते थांबले नाहीत. ज्यांच्या घरी रात्री दोन वाजता उठविणारे रामजी नाहीत, अशा मुलांनी कोठे शिकावे, हा विचार त्यांच्या मनात सतत असे. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. एका बापाने एका मुलासाठी जे केले, ते आता त्या मुलाने हजारो मुलांसाठी केले.

मुलांनो, काही वर्षांनी तुमच्याही घरी पेढ्यांचा पुडा येईल. तुमचे आईबाप आनंदाने येणाऱ्याजाणाऱ्याला निकाल सांगतील. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहा. तुमच्या पदवीच्या कागदावर न छापलेली पुष्कळ नावे तुम्हांला तेथे वाचता येतील. पहाटे डबा करून देणारी आई, शुल्कासाठी जादा काम करणारे वडील, स्वतःची हौस मागे ठेवणारी बहीण, आपली शाळा सोडून घराला हातभार लावणारा भाऊ, ही ती नावे. आणि मग ‘आता पुढे काय ?’ असे कोणी विचारले, तर त्या प्रश्नाला भिऊ नका. पदवी म्हणजे वाट, हे लक्षात ठेवा. त्या वाटेने तुम्ही दूर जाल आणि तुमचे आईबाप दारात उभे राहून तुमच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहतील. मात्र त्यांच्यासाठी घ्यावयाची मिठाई उद्यावर टाकू नका.

स्वाध्याय

१. भीमरावांना शांतपणे अभ्यास करता यावा, म्हणून रामजींनी कोणती युक्ती काढली ?

२. रामजींनी सत्काराच्या सभेला प्रथम नकार का दिला ? तुम्हांला त्यांचे म्हणणे पटते काय ? कारणे द्या.

३. ‘आईबाप जन्म देतात, कर्म देत नाहीत’ या म्हणीविषयी भीमरावांनी पत्रात काय लिहिले ? ते मत त्यांच्या स्वतःच्या आयुष्यावरून कसे खरे ठरते ?

४. या पाठाला ‘सुरतेची मिठाई’ हे नाव का दिले असावे, ते पाचसहा ओळींत लिहा.

५. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा : अंग टाकणे, हार न मानणे, धावून येणे, खचून जाणे, हातभार लावणे.

६. तुमच्या शिक्षणासाठी घरातील कोणी काय काय सोसले आहे, ते त्यांना विचारा आणि वहीत लिहून काढा.